सैल ड्रेस हवाय, पोतं नको : वाचकांचे शिवणप्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की उन्हाळ्यात घरी घालायला एक साधा सैल ड्रेस स्वतः शिवून बघा, तर त्यावर इतके प्रश्न आलेत की हा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं कापलीत, रागावू नका. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे प्रत्येक उत्तरात परत परत लिहायला नको. निम्म्याहून जास्त प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज दिसतोय, तो म्हणजे सैल शिवायचं म्हणजे सगळीकडून दोन दोन इंच वाढवायचं. तसं केलं की पोतं होतं. गळा आणि खांदा तुमच्या मापाचेच हवेत, अगदी फिटिंगच्या ब्लाऊजला घ्याल तितक्याच काळजीने घेतलेले, आणि सगळा सैलपणा काखेच्या खाली.

ताई, नमस्कार. नवीन मशीन घेतलंय, आत्तापर्यंत उशांचे अभ्रे आणि एक पिशवी एवढंच शिवलंय. रोज घरी घालायला गुडघ्याच्या खाली येणारा सैल ड्रेस शिवायचा आहे. छाती 38, उंची पाच फूट दोन इंच. कापड किती घेऊ, मापं कशी टाकू, सगळंच सांगा. (कोथरूड)

सगळंच सांगते, तू फक्त टेप आणि वही घेऊन बस.

घरच्या ड्रेसला छातीच्या मापात 7-8 इंच जास्त धरायचे. फिटिंगच्या कुर्त्याला 2-3 धरतात, इथे आपल्याला खाली बसून भाजी निवडायचीये, वरच्या फडताळातला डबा काढायचाय, म्हणून जास्त. तुझे 38 अधिक 8 झाले 46, पुढचा आणि मागचा भाग मधोमध घडी घालून कापायचा म्हणून त्याचा चौथा भाग घ्यायचा, तो साडेअकरा, त्यात शिलाईचा 1 इंच, म्हणजे साडेबारा. नवशिक्या हाताला मार्जिन 1 इंचच ठेव, अर्ध्या इंचावर कापलं आणि पुढे कुठे कमी पडलं तर उसवून वाढवायला काहीच उरत नाही. खालचा घेर 60 इंच पुरतो, चौथा भाग 15, मार्जिन धरून 16. नितंबाचं माप घेऊन तिथेही निदान 6 इंच सैल आहे ना ते बघून घे, बऱ्याच जणींना छातीपेक्षा तिथे जास्त लागतं आणि मग खाली बसलं की ड्रेस मांड्यांवर ताणला जातो.

आता खांदा. हे माप मागून घ्यायचं, एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत, आणि स्वतःचं स्वतः घेता येत नाही, घरातल्या कुणालातरी बोलव. समज साडेचौदा आलं, तर निम्मं सव्वासात आणि मार्जिन अर्धा इंच. खांद्याच्या टोकाला 1 इंच उतार द्यायचा. मुंढा, म्हणजे खांद्यापासून काखेपर्यंतची उभी खोली, तुला साडेआठ ते 9 इंच ठीक. इथे सगळ्या जणी एक गोष्ट करतात, सैल हवंय ना मग मुंढा 11 इंच खोल घेतात. त्याने मोकळं वाटत नाही, उलटं होतं. मुंढा जितका खाली, तितकी बाही अंगाला खाली जोडलेली, त्यामुळे हात वर केला की बाहीबरोबर अख्खा ड्रेस वर ओढला जातो. बसमध्ये दांडी धरून बघ म्हणजे कळेल. पुढच्या भागाचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त आत कोरायचा, कारण आपले हात पुढे हलतात, मागे नाही.

गळा निम्म्या रुंदीला 3 इंच, पुढे खोली 6, मागे अडीच. एवढा गळा सगळा मिळून साधारण 23 इंच भरतो आणि बायकांच्या डोक्याचा घेर बहुतेक 21 ते 23 असतो, त्यामुळे पुढे चीर किंवा बटण न ठेवता डोकं आत जातं. तरी आपल्या डोक्याला टेप लावून बघावं, आंबाडा घालत असशील तर आंबाड्यासकट.

कापडाचा हिशोब असा. खांद्यापासून उंची 44, खालचा घेर सारखा करायला आणि दुमडायला मिळून 2, खांद्याच्या शिलाईला अर्धा, झाले साडेशेहेचाळीस. पुढचा आणि मागचा मिळून 93. अडीच मीटर म्हणजे साधारण 98 इंच, पण सुती कापड धुतल्यावर 5 टक्के आटलं तर हातात 93 च राहतं, म्हणजे काठावर पास. म्हणून पावणेतीन मीटर घे. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 44 इंची असेल तर घेराला 32 इंच लागतात आणि बाजूला 12 इंची लांब पट्टी उरते, त्यात आखूड बाह्या बसतात. फक्त त्या आडव्या धाग्यावर येतात, साध्या किंवा बारीक बुट्टीच्या कापडाला काही फरक पडत नाही, पण उभी वेल किंवा पट्टे असतील तर बाहीवर ते आडवे दिसतील, तेव्हा अर्धा मीटर आणखी घे.

शिवायचा क्रम पाठ कर. आधी दोन्ही खांदे जोडायचे, मग गळा पूर्ण करायचा, मग बाह्या सपाट असतानाच मुंढ्याला लावायच्या आणि शेवटी बाहीच्या तोंडापासून काखेतून खालच्या घेरापर्यंत एकाच लांब टिपेत बाजू शिवायची. पुस्तकात बऱ्याचदा बाजू आधी शिवून मग गोल बाही गोल मुंढ्यात बसवायला सांगतात, ते कोट शिवणाऱ्यांसाठी ठेव. गळ्याला सव्वा इंच रुंदीची तिरकी कापलेली क्रॉसपट्टी लाव, सरळ धाग्यावरची पट्टी गोलाईत बसत नाही, तिला चुण्या पडतात. पट्टी लावताना ती किंचित ताणून धर, गळ्याचं कापड मात्र अजिबात ताणू नको.

कुठलं कापड घ्यावं आणि पुण्यात कुठे मिळेल? दुकानदार म्हणतो सगळंच प्युअर कॉटन आहे. (वारजे, कर्वेनगर आणि इतर अनेक)

दुकानदार असंच म्हणणार.

पहिल्या ड्रेसला कॅम्ब्रिक घ्या. मऊ असतं पण हाताखालून पळत नाही, कापताना जागचं हलत नाही, टीप सरळ येते. पॉपलीन थोडं कडक, जरा उभं राहतं, ज्यांना अंगावर चिकटलेलं आवडत नाही त्यांना बरं. मलमल घालायला सगळ्यात सुखाचं पण शिवायला त्रासाचं, ते दुसऱ्या-तिसऱ्या ड्रेसला, आणि आतून दिसतं म्हणून गडद रंगाचं नाहीतर अस्तर लावून. रेयॉन दुकानात हाताला इतकं गार आणि सुळसुळीत लागतं की मोह होतोच, पण ते आटतं जास्त आणि ओलं असताना कमजोर होतं, त्यामुळे धुतल्यावर जोर लावून पिळायचं नाही. खादी आणि हातमागाचं कापड उत्तम, फक्त पन्हा मोजून घ्या, काही वेळा 36 इंचच असतो आणि मग वर सांगितलेला सगळा हिशोब बदलतो.

खरेदीला घाऊक भावाजवळ जायचं तर रविवार पेठेतलं कापडगंज, पण तिथे एखाद्या दुकानात पावणेतीन मीटर मागितलं की तुमच्याकडे बघणारही नाहीत, सुटं देणारी दुकानं शोधावी लागतात. लक्ष्मी रोडला सुटं कापड सहज मिळतं, भाव थोडा वर. दोरे, बटणं, लेस, इलॅस्टिक, टाचण्या यासाठी तुळशीबाग, त्याला पर्याय नाही. गाडी मात्र नेऊ नका, मंडईच्या बाजूला पार्किंग शोधण्यात जो वेळ जातो त्यात एक बाही शिवून होते.

कॉटन आहे का ते बघायचं तर कडेचे चारपाच धागे काढून जाळून बघा, घरी, सिंकजवळ, चिमट्यात धरून. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरगळते, पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक काळी गोळी होते. मिक्स असेल तर राखेत खडे लागतात. रेयॉन मात्र सुतीसारखंच जळतं, त्यामुळे या परीक्षेत ते सुती म्हणून पास होतं, एवढं लक्षात ठेवा.

आणि कापण्याआधी धुवा. पूर्ण कापड, पाण्यात बुडवून, वाळवून, इस्त्री करून. ज्यांना किती आटतं ते बघायचंय त्यांनी कोपऱ्यातून बरोबर 10 इंचाचा चौकोन कापून तेवढाच धुवून परत मोजावा, साडेनऊ भरला तर 5 टक्के. उभं आणि आडवं वेगवेगळं आटतं, उभं सहसा जास्त. अजरख, बगरू असलं छापील कापड असेल तर रंग सुटतोच पहिल्या एकदोन धुण्यात, वेगळंच भिजवा. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने रंग पक्का होतो असं सगळ्यांच्या घरी सांगतात, पण आधीच रंगवून झालेल्या कापडाला त्याने काही होत नाही. सुटलेला रंग धुवून काढणं एवढंच आपल्या हातात.

मी यूट्यूब बघून काफ्तान टाईप ड्रेस शिवला, पुढचा-मागचा भाग एकत्रच कापला. घातल्यावर सारखा मागे सरकतो आणि पुढचा गळा कंठाला लागतो. सारखी पुढे ओढत बसते. (धायरी)

पुढचा आणि मागचा गळा एकसारखा कापलात तिथेच ते झालं. आपली मान सरळ खांबासारखी वर जात नाही, पुढे झुकलेली असते, त्यामुळे पुढे गळा खोल लागतो आणि मागे उथळ. दोन्ही सारखे असले की ड्रेस आपली जागा स्वतः शोधतो, म्हणजे मागे घसरतो. आता शिवून झालाय तर पुढचा गळा दीड-दोन इंच खोल करून परत पट्टी लावा, बहुतेक तेवढ्याने जमेल. पुढच्या वेळी मागचा गळा अडीच तर पुढचा निदान 5-6, आणि खांद्याची शिलाई अर्धा इंच पुढच्या बाजूला सरकवून घ्या. मागे पाठीला बाक असेल तर, आणि कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या सगळ्यांनाच तो हल्ली असतो, मागच्या भागाची उंची मानेपाशी अर्धा इंच जास्त ठेवा.

तुम्ही दुसरं विचारलंय की खांदा उतरतो, ओढणी नसली की ब्राचा पट्टा दिसतो. गळा रुंद झालाय. खोलीने खांदा उतरत नाही, रुंदीने उतरतो. निम्मी रुंदी साडेतीनच्या पुढे नेऊ नका.

बाजारात तयार गाऊन ढिगाने मिळतो. अडीच मीटर कापड, दोरा, वीज आणि दोन दिवस घालवून बायका तोच ड्रेस घरी का शिवतात हे मला न उलगडलेलं कोडं आहे. (सदाशिव पेठ)

काका, तयार गाऊनला खिसा नसतो.

आणि तो एकाच मापात येतो ज्याला फ्री साईज म्हणतात, म्हणजे खांदा सगळ्यांनाच मोठा. मग वाण्याकडे जाताना वरून ओढणी घ्यावी लागते, तो पोशाख आपल्या पेठांमध्ये रोज सकाळी दिसतो. बरा ड्रेस असेल तर त्यावर ओढणी लागत नाही. पैसे वाचतात असं मी म्हणणारच नाही, पहिल्या दोन ड्रेसला तर मुळीच वाचत नाहीत.

मलमलवर टीप घालायला सुरुवात केली की कापड मशीनच्या भोकात ओढलं जातं, खाली दोऱ्याचा गुंता होतो. मेकॅनिक म्हणतो मशीनमध्ये काही दोष नाही. (हडपसर)

मेकॅनिक खरं बोलतोय. सुई बदलली का? जाड चादरी शिवलेली 16 नंबरची सुई मलमलला लावली तर ती कापड टोचत नाही, ढकलते. मलमलला 9 किंवा 11, कॅम्ब्रिक-पॉपलीनला 11 किंवा 14, आणि जीन्सला 16. सुई नवी हवी, घरोघरी एकच सुई मोडेपर्यंत वापरतात. घरगुती मशीनच्या सुईच्या दांड्याला एक बाजू चपटी असते, टेलरच्या मोठ्या मशीनला पूर्ण गोल दांड्याची लागते, ती घाईत उचलून आणू नका.

खालच्या बाजूला फासे येत असतील तर सगळे बॉबिन केसचा स्क्रू फिरवायला लागतात. तो सोडा. खाली गुंता दिसतो तेव्हा बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्यात असते. दाबपट्टी, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा पाय, वर उचलून दोरा पूर्ण काढा आणि परत ओवा. दाबपट्टी खाली असताना ताणाच्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या आत जातच नाही, नुसता वरून जातो आणि मग त्याला ताण राहत नाही. शिवायला लागताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा आणि पहिले चारपाच टाके चाक हाताने फिरवून घाला. तरी ओढलं गेलं तर कापडाखाली पातळ कोरा कागद घालून शिवा, नंतर फाडून टाका. वर्तमानपत्र घालू नका, शाई लागते, विशेषतः पांढऱ्या मलमलला.

दोरा सारखा तुटतोय असंही लिहिलंय. रीळ किती वर्षांचं आहे? एक हातभर दोरा काढून दोन्ही हातांनी झटका द्या, पटकन तुटला तर ते रीळ बटणं लावायलाही ठेवू नका.

आईचा उजवा खांदा आखडलाय, हात खांद्याच्या वर जात नाही. डोक्यातून घालायचे कपडे जमत नाहीत, साडी तर सोडूनच दिली. मदतीशिवाय घालता येईल असं काहीतरी शिवून द्यायचंय, पण आजारी माणसाचा कपडा वाटायला नको असं तिचं म्हणणं आहे. (बिबवेवाडी)

आईंचं म्हणणं मला एकदम मान्य आहे, त्यामुळे याला जरा जागा देते.

पुढून पूर्ण उघडणारा ड्रेस शिवा, गळ्यापासून निदान गुडघ्यापर्यंत. डोक्यातून काही घालायचंच नाही. पुढचा भाग घडीवर न कापता दोन तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला मध्यरेषेच्या पुढे पावणेतीन इंच जास्त ठेवा, पाऊण इंच एकावर एक यायला आणि 2 इंच आत दुमडायला. त्या दुमडीत बटणपट्टी भक्कम होते.

बटणं पाऊण इंचाची, चपटी नाही, थोडी फुगीर कडेची, म्हणजे बोटात धरता येतात. काज बटणापेक्षा सुतभर मोठं, नाहीतर रोज झगडा. वरची दोन बटणं सोडली तर बाकी 4 इंचांच्या अंतरावर पुरतात. टिचबटणं सोपी वाटतात पण ती दाबायला अंगठ्यात जोर लागतो आणि उघडताना पातळ कापड फाटतं. वेल्क्रोला धुण्यात सगळा कचरा चिकटतो आणि उघडताना जो आवाज येतो तो तुमच्या आईंना आवडणार नाही असं पत्रावरून वाटतं. मॅग्नेटची बटणंही मिळतात, पण पेसमेकर असेल तर ती नकोच. चेन लावायची तर जॅकेटसारखी खालून पूर्ण सुटी होणारी लावू नका, तिचं खालचं टोक वाकून जोडावं लागतं.

बाही हा खरा मुद्दा. हात वर जात नाही म्हणजे मागे वळवून बाहीत घालणंही अवघड असणार. बाहीचं तोंड निदान 16 इंच घेराचं ठेवा आणि लांबी कोपराच्या वर. इथे मुंढ्याचा माझा वरचा नियम थोडा मोडायचा, मुंढा इंच-दीड इंच खोल घ्या पण काखेत 4 इंचाचा चौकोनी तुकडा लावा. जुन्या पद्धतीच्या सदऱ्यांना काखेत असा चौकोन असायचा, एक टोक बाहीत, समोरचं टोक अंगात. त्याने हात हलवायला कापड मिळतं आणि खोल मुंढ्याने ड्रेस वर खेचला जात नाही. चौकोन शिवताना कोपऱ्यावर सुई कापडात ठेवून, दाबपट्टी उचलून कापड फिरवायचं. आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर करून बघा.

घालताना दुखरा हात आधी, काढताना तो शेवटी. हे फिजिओथेरपीवाले सांगतातच, पण त्यासाठी कपड्याला मागे पुरेसं कापड लागतं, म्हणून मागच्या भागात गळ्याखाली मधोमध एक बॉक्स प्लीट, म्हणजे दोन्हीकडून दुमडलेली चुणी, टाका, 2 इंचाची. घातल्यावर ती मिटलेली दिसते, घालताना उघडते.

आणि आजारी वाटू नये यासाठी कापड त्यांनाच निवडू द्या. आपण आईसाठी म्हणून फिकट आकाशी नाहीतर बदामी घेऊन येतो, का कोण जाणे. कॉलर किंवा गळ्याला वेगळ्या रंगाची पट्टी लावली, बाहीला तीच पट्टी, की तो बाहेर जायचा ड्रेस होतो. पुढून बटणांचा लांब ड्रेस तसाही हल्ली कॉलेजच्या मुली घालतात, एफसी रोडला बघा.

सासूबाईंची जुनी इरकल आहे, काठ सुंदर आहेत. त्याचा ड्रेस करता येईल का? काठ खाली हवाय. (सांगवी)

येईल, पण ए-लाईन, म्हणजे वरून खाली रुंद होत जाणारा, नाही. काठ सरळ असतो आणि ए-लाईन ड्रेसचा खालचा घेर गोलाईत कापलेला असतो. सरळ काठावर ए-लाईन बेतला की दोन्ही बाजूंना कोपरे खाली लोंबतात. तुम्हाला योक आणि चुण्यांचा ड्रेस करावा लागेल. खांद्यापासून काखेपर्यंत योक, छातीच्या मापात 5 इंच सैल, आणि खाली त्याच्या दीडपट कापडाच्या चुण्या. योक खाली 43 इंच असेल तर खाली 64 इंच, म्हणजे साडीच्या लांबीतले जेमतेम पावणेदोन मीटर. साडीचा पन्हा ड्रेसच्या उंचीत जातो, खालचा काठ आपोआप घेराला येतो, दुमडायचं काम नाही. वरचा काठ कापून बाहीला वापरा. पदर मला विचाराल तर कापूच नका, त्याची ओढणी नाहीतर स्टोल होतो.

आधी साडी उजेडापुढे धरा. निऱ्यांच्या आणि बसण्याच्या जागी कापड विरलेलं असतं, दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणून बघा, कर्र आवाज आला तर तो भाग सोडा. इरकलीत बऱ्याचदा अंग सुती आणि काठ रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, दोन्ही सारखं आटत नाही. जुनी साडी बहुतेक आटून झालेली असते, पण फारशी नेसलेलीच नसेल तर धुवून मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर काठापाशी सगळा ड्रेस आखडतो. आणि कात्री लावण्याआधी सासूबाईंना विचारलंय ना?

बाजूच्या शिलाईत खिसा कसा लावायचा? माझा खिसा फोन ठेवला की लोंबतो. (पिंपळे सौदागर)

तोंड 6 इंच, कमरेच्या 2-3 इंच खालून सुरू, आतली पिशवी खोलीला 10-11. लोंबतो कारण फोनचं सगळं वजन एका शिलाईवर येतं. कापडाची किनार, जिथे धागे निघत नाहीत ती अर्ध्या इंचाची पट्टी, पुढच्या बाजूला खिशाच्या तोंडावर लावून शिलाईत घ्या आणि तोंडाच्या दोन्ही टोकांना टीप तीनदा पुढे-मागे फिरवा. पिशवीचं वरचं टोक लांब ठेवून योकच्या किंवा कमरेच्या शिलाईत अडकवता आलं तर प्रश्नच मिटला. खिशाची पिशवी त्याच कापडाची हवी असं काही नाही, पण मलमलच्या ड्रेसला पॉपलीनची पिशवी लावा, मलमलची नको.

ए-लाईन ड्रेसचा खालचा घेर नीट मोजून दुमडला तरी दोन धुण्यांनंतर बाजूंना खाली उतरतो. आणि दुमडताना चुण्या पडतात. (औंध)

घेराच्या बाजू तिरक्या धाग्यावर येतात आणि तिरकं कापड स्वतःच्या वजनाने लांबतं. ड्रेस बाकी पूर्ण झाला की घेर न दुमडता हँगरला एक रात्र लटकवून ठेवा, रेयॉन असेल तर दोन. मग घालून उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणालातरी जमिनीपासून लाकडी पट्टीने सारख्या उंचीवर खडूची खूण करत फिरायला सांगा. तुम्ही फिरायचं नाही, त्यांनी फिरायचं. खुणेच्या खाली जे उरेल ते कापा.

चुण्या पडतात कारण गोलाईत बाहेरची कड लांब असते आणि आत जिथे ती बसवायची ती जागा लहान. 2 इंचाची दुमड सरळ घेराला शोभते, गोल घेराला अर्ध्या इंचाच्या वर दुमड घेऊ नका. मोठी हवीच असेल तर कडेपासून सुतभर आत लांब टाक्यांची टीप घाला, तिचा खालचा दोरा हलका ओढून कड थोडी गोळा करून घ्या, इस्त्रीने दाबा आणि मग हाताने तुरपाई करा. सोसायटीखालचा टेलर इंटरलॉक मारून देतो, त्याला थोडे पैसे द्या आणि ते एवढं काम त्याच्याकडूनच करून घ्या. दोरा मात्र आपला न्या, तो जे रीळ मशीनवर चढवलेलं असेल तेच लावतो, लाल तर लाल.